वास येतो म्हणून

भात वाढायला त्रिशला वाकली आणि वाकता वाकताच तिनं तोंड झटकन बाजूला फिरवलं. अर्धा भात ताटात पडला, अर्धा फरशीवर.

"काय झालं?"

"काही नाही. हात हलला."

तिनं सांडलेली शितं गोळा केली, पण माझ्याकडं बघितलं नाही. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. जयसिंगपुरात दोन खोल्यांचं भाड्याचं घर, मिरजेला मूकबधिर मुलांच्या शाळेत माझी नोकरी, आणि घरात आम्ही दोघंच. पावसाळा संपल्यापासून तिचं हे असं चाललं होतं. जवळ गेलो की मान वळवायची. बोलता बोलता पदर नाकाशी न्यायची. झोपताना भिंतीकडं तोंड करायची. आधी मला वाटलं, लाजते. मग वाटलं, माहेरची आठवण येत असेल. त्या दिवशी मात्र ताट बाजूला सारलं.

"त्रिशला, बस इथं. माझं काही चुकलंय का?"

ती समोर बसली. भाताचा वाडगा मांडीवर घेऊन त्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"राग नाही ना येणार?"

"नाही येणार."

"तुमच्या तोंडाला वास येतो."

मी ओठ मिटले. मग मिटलेल्या ओठांनी उत्तर देता येत नाही म्हणून तोंडावर हात धरून विचारलं, "कसला?"

"सडल्यासारखा. नासक्या अंड्यासारखा." तिचे डोळे भरून आले. "मला सांगायचं नव्हतं हो. तुम्ही विचारलंत म्हणून."

आम्ही जैन. घरात कांदा नाही, लसूण नाही, अंडं तर बघण्यात नाही. नासक्या अंड्याचा वास तिला कुठून माहीत, असा एक खुळा प्रश्न मनात आला. पण तो विचारण्यासारखा नव्हता. पान मी खात नाही, तंबाखूला शिवलो नाही. सूर्य मावळायच्या आत जेवतो आणि खळखळून चूळ भरतो. तरी वास? मोरीत जाऊन तळहातावर फुंकर मारली, हुंगून बघितलं. मनगट चाटून वाळू दिलं, तेही हुंगलं. मला काहीच कळलं नाही. पण ज्याचा वास त्याला कळत नाही, असं म्हणतातच की.

दुसऱ्या दिवसापासून मी तोंडाच्या मागं हात धुऊन लागलो. तांब्याची जिभली आणली आणि ओकारी येईपर्यंत जीभ खरवडली. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या. बाभळीची काडी चावली, त्रिफळ्याचा काढा करून तोंडात धरला. खिशात लवंगा आणि पेपरमिंटच्या गोळ्या. औषधाच्या दुकानात गुलाबी रंगाचं एक औषध मिळालं. दुकानदार म्हणाला, यानं तोंडातले जंतू मरतात, दिवसातून दोनदा घ्या. मी पाच-सहा वेळा घ्यायला लागलो. पंधरवड्यात चहाची चव बदलली. चहा पितोय की कोमट पाणी, कळेना. आरशात बघितलं तर दातांवर तपकिरी डाग. तोंड सारखं कोरडं पडायचं, जीभ टाळूला चिकटायची.

रोज संध्याकाळी जेवण झालं की मी त्रिशलेकडं बघायचो. विचारायचो नाही, नुसतं बघायचो. ती मान खाली घालायची.

एकदा तीच म्हणाली, "थोडा कमी झालाय."

खोटं बोलताना तिचा आवाज बारीक व्हायचा, तसा तो झाला होता.

शाळेत तर मला धास्तीच बसली. आमचं शिकवणं म्हणजे तोंडासमोर तोंड धरून. ज्याला ऐकू येत नाही त्या मुलाला 'प' कसा शिकवायचा? त्याचा हात आपल्या ओठांसमोर धरायचा आणि 'प' म्हणायचं. हवेचा धक्का तळहातावर बसतो. मग त्याचा हात त्याच्याच तोंडासमोर धरायचा. असा एकेक वर्ण. मुलं आमच्या ओठांकडं टक लावून बसतात. त्यांचं सगळं ऐकणं तिथंच. आणि मी त्या ओठांवर रुमाल धरायला लागलो. मुलांचे हात तोंडासमोर धरायचं टाळून 'प' फळ्यावर काढायला लागलो. मुलं एकमेकांकडं बघायची, हातवारे करायची. त्यांना काही समजत नव्हतं आणि मला ते दिसत होतं.

वृषाली नावाची एक सात-आठ वर्षांची मुलगी होती. फार धीट. एका दुपारी तिनं सरळ येऊन माझा रुमाल ओढला आणि 'काय झालं?' असा हात हलवला. मी इकडंतिकडं बघितलं. वर्गात दुसरं मोठं माणूस नव्हतं. मग खुणेनं तिला विचारलं, वास येतो का? ती टाचा उंचावून माझ्या तोंडाजवळ नाक घेऊन आली, भरपूर हुंगलं आणि दोन बोटं तोंडात घालून चोखून दाखवली. गोळी. पेपरमिंटची गोळी. मग हात पुढं केला, मला पण दे म्हणून.

मुलं खोटं बोलत नाहीत. पण घरी त्रिशलाही खोटं बोलणारी नव्हती. मग खरं कोण?

त्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी मला बोलावलं. "मगदूम सर, तुमच्या वर्गातली मुलं मागं पडायला लागलीत. तोंडावर रुमाल धरून तुम्ही बहिऱ्या मुलांना शिकवता? काही आजार आहे का?"

"दात दुखतोय," मी म्हणालो.

"मग दात दाखवा. उद्या रजा घ्या, पण दाखवा."

मिरजेत किल्ल्याच्या बाजूला डॉक्टर नसीम मुजावर यांचा दवाखाना होता. पन्नाशीच्या बाई, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं थेट. मी खुर्चीत बसून सगळं सांगितलं. सांगताना तोंड त्यांच्यापासून वळवूनच बोलत होतो.

"इकडं बघून बोला. मी दिवसभर लोकांच्या तोंडातच असते."

त्यांनी दात बघितले, हिरड्या दाबल्या. थोडा वेळ तोंड बंद ठेवायला सांगून मग 'हा' करायला लावलं. शेवटी एक छोटा चमचा जिभेच्या अगदी मागच्या भागावर फिरवला आणि तो स्वतः हुंगला. मी लाजेनं डोळे मिटून घेतले.

"हे बघा मगदूम, वास बहुतेक या जागेतून येतो. जिभेच्या मुळाशी जंतू राहतात, अन्नाचे कण कुजवतात. त्यातून गंधकाचा वायू सुटतो, नासक्या अंड्यासारखा. तो तुमच्या तोंडात नाही. तुमचं तोंड स्वच्छ आहे. जरा जास्तच स्वच्छ आहे."

"म्हणजे?"

"ते गुलाबी औषध बंद करा आधी. चांगलं औषध आहे, पण थोडे दिवस घ्यायचं असतं. तुम्ही त्यानं आंघोळ केल्यासारखी केलीत. म्हणून हे डाग, म्हणून चव गेली. आणि तोंड कोरडं ठेवू नका. थुंकीइतकं चांगलं औषध दुकानात मिळत नाही. डाग मी काढून देईन." त्यांनी हातमोजे काढले. "वास येतो असं कोण म्हणतं?"

"घरी."

"घरी म्हणजे मिसेस? आणखी कुणी?"

"नाही."

"हं," एवढंच म्हणून त्यांनी चष्मा वर सरकवला. त्या 'हं'चा अर्थ मी एस.टी.त बसून जयसिंगपूरपर्यंत लावत राहिलो. माझ्या तोंडाला वास नाही. मग त्रिशला असं का म्हणते? मी तिला आवडत नाही, हे उघडच होतं. पण ते तोंडावर कसं सांगायचं, म्हणून तिनं वास पुढं केला असेल. दिवाळीत ती माहेरी, शिरोळला, ठरल्यापेक्षा चार दिवस जास्त राहिली होती. तिची आई तेव्हा माझ्याशी धड बोलली नव्हती. सगळं एकमेकांत बसायला लागलं.

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. त्रिशला वाकून पलंगाखालची ट्रंक पुढं ओढत होती. थंडीची पांघरुणं काढायची होती तिला. मी उंबऱ्याशीच थांबलो.

"डॉक्टरांकडं जाऊन आलो. माझ्या तोंडाला वास नाही म्हणाल्या."

ती वाकलेलीच राहिली. "बरं झालं."

"बरं काय झालं? मग तू म्हणतेस ते काय?"

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"मी तसं म्हटलं नाही. पण तुला इथं राहायचं नसेल तर तसं सांग. मी अडवणार नाही. माझ्या तोंडाचं निमित्त कशाला?"

ती ट्रंक सोडून उभी राहिली. चेहरा लाल झाला होता. "निमित्त? येतोय म्हणून सांगितलं मी! आत्तासुद्धा येतोय. आत्ता वाकले होते तेव्हा भसकन आला. नाकात बसलाय नुसता!"

मी काहीतरी बोलणार होतो, पण थांबलो. ती पलंगापाशी होती, मी दारात. मधे अख्खी खोली. वारा मागच्या खिडकीतून येऊन तिच्यावरून माझ्याकडं येत होता.

"त्रिशला," मी हळू म्हणालो, "तू वाकली होतीस तेव्हा मी नुकताच दारात आलो होतो. वाराही तुझ्याकडून माझ्याकडं येतोय."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग खिडकीकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं. तिच्या चेहऱ्यावरचा राग उतरला आणि त्या जागी जे आलं ते बघून मला माझ्या बोलण्याचा पश्चात्ताप झाला. ती भ्यायली होती.

"मग कुठून येतो?" ती म्हणाली. "येतो हो. शपथ घेते. येतो."

"येत असेल."

"तुम्हाला येत नाही?"

"नाही."

ती ट्रंकेवर खाली बसली. अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "आमच्या एका आत्तीला आवाज ऐकू यायचे. दुसऱ्या कुणाला यायचे नाहीत, तिलाच. पुढं तिला घरात कोंडून ठेवायला लागले. मलाही तसंच होतंय का?"

मघाशी मी तिच्यावर आळ घेत होतो. आता तिच्या शेजारी जाऊन बसावं असं वाटत होतं, पण पाय उचलेना. गेलो आणि तिनं पुन्हा तोंड फिरवलं तर? ती खोटारडी नाही, वेडी नाही, माझ्या तोंडाला वास नाही. तिन्ही एकदम खरं कसं असेल? मी दारातूनच म्हणालो, "उद्या आपण दोघं त्या डॉक्टरांकडं जाऊ."

"दातांच्या डॉक्टर मला काय करणार?"

"ते मलाही माहीत नाही. पण तू सांगितलेलं ऐकून त्या हसल्या नव्हत्या."

मुजावर मॅडमनी मला बाहेर बसवलं नाही. त्रिशलेला खुर्चीत घेतलं आणि आधी तपासलंच नाही, नुसतं विचारत राहिल्या.

"वास दिवसभर येतो?"

"नाही. अधूनमधून."

"कधी कधी?"

"ह्यांना वाढताना. आणि..." ती माझ्याकडं बघून अडखळली, "झोपताना ह्यांच्याकडं वळले की."

"वाढता कशा? टेबलावर?"

"नाही, खाली पाटावर. वाकून."

"केर काढताना येतो?"

त्रिशला थांबली. "येतो. पण मला वाटायचं, घरात भरून राहिलाय."

"आणि माहेरी?"

"दिवाळीत रांगोळी काढताना आला होता. मी म्हटलं, गटाराचा असेल."

"ह्यांच्याकडं वळता म्हणजे कुठल्या कुशीवर?"

तिला हात हलवून बघावा लागला. "डाव्या."

मॅडमनी तिला तोंड उघडायला सांगितलं. आरसा आत घातला, दातांवर एकेक करून टकटक केलं. उजवीकडच्या वरच्या दाढेवर आल्यावर त्रिशलेची पापणी फडफडली. "दुखलं नाही," ती म्हणाली, "पण वेगळं वाटलं."

"या दाढेवर टोपी आहे."

"लग्नाआधी रूट कॅनॉल केलंय. दुखत होती म्हणून बाबांनी करून घेतलं. नंतर कधी दुखली नाही."

"दुखणार कशी? नस काढून टाकलीय." त्यांनी गालाच्या हाडाखाली अंगठा दाबला. त्रिशलेनं मान मागं घेतली. "फोटो काढू या."

फोटो आल्यावर त्यांनी तो उजेडाच्या चौकटीवर लावला आणि आम्हा दोघांनाही उभं करून दाखवला. एका बाजूला गालाच्या आत काळी मोकळी जागा होती. दुसऱ्या बाजूला तीच जागा पांढरट, धुरकट.

"नाकाच्या दोन्ही बाजूंना गालाच्या हाडात अशा पोकळ्या असतात. वरच्या दाढांची मुळं त्यांच्या तळाला टेकलेली असतात. तुमच्या दाढेच्या मुळाशी जंतू राहून गेले. खाली यायला वाट नाही, वर टोपी. मग ते वर सरकले. ही सगळी पोकळी पुवानं भरलीय. वाकलात, की थोडा पू नाकाच्या आत मागच्या बाजूला उतरतो. डाव्या कुशीवर वळलात, की उतरतो. वास तुमच्या नाकाला आतून येतो. बाहेरच्याला कसा कळणार?"

त्रिशला फोटोकडं बघत होती. "म्हणजे वास माझा?"

"तुमच्या दाढेचा."

"ह्यांचा नाही?"

"ह्यांचा कधीच नव्हता."

"आणि मी वेडी नाही?"

मॅडमनी चष्मा काढला. "बेटा, तुमच्याइतकं शाबूत नाक मी बघितलेलं नाही."

त्रिशला रडायला लागली. मी काय करावं? आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण इतके दिवस मी स्वतःला नासका समजून जगलो होतो. एका दुपारी त्यातून सुटायचं म्हणजे कसं, ते मला समजत नव्हतं. मी रुमाल काढून तिच्या हातात दिला आणि हात मागं घेतला.

औषधांनी भागलं नाही. पुढच्या आठवड्यात मिरजेतल्याच एका इस्पितळात दाढ काढायची आणि नाकातून वाट करून ती पोकळी धुवायची असं ठरलं. शिरोळहून तिची आई आली; सासूबाईंना मी मामी म्हणतो. सकाळी त्रिशलेला आत नेलं आणि मी नि मामी बाहेर बाकावर बसलो. दिवाळीनंतर आम्ही पहिल्यांदाच असे समोरासमोर होतो. मामी जपाची माळ ओढत होत्या, पण ओठ हलत नव्हते.

"जावईबापू," त्या एकदम म्हणाल्या, "माझ्या मनात तुमच्याबद्दल वाईट आलं होतं."

"जाऊ दे हो मामी."

"जाऊ दे नाही. दिवाळीत ती माझ्यापाशी रडली. म्हणाली, ह्यांच्या तोंडाला असा वास येतो की पोटात ढवळतं. मी म्हटलं, मग जाऊ नकोस. काही रोग असेल, लपवून लग्न केलं असेल. तुझ्या बाबांना सांगते, आपण बोलणी करू, मोडू. माझीच पोर, मला नाही का वाटणार?"

मी मान हलवली. हे मी एस.टी.त बसून ताडलंच होतं.

"चार दिवस मागं लागले तिच्या. शेवटी ती माझ्यावर भडकली. म्हणाली, आई, वास येतो म्हणून कुणी माणूस टाकतं का? तो माणूस बहिऱ्या पोरांना एकेक अक्षर बोलायला लावतो आणि घरी येऊन मला त्यांच्या नकला करून दाखवतो. मला तिथंच राहायचंय. वासाचं म्हणशील, तर मी आता श्वास रोखून धरायला शिकलेय. पुष्कळ वेळ धरता येतो." मामींनी पदरानं डोळे टिपले. "आणि गेली निघून. बाबांना सांगशील तर बघ, म्हणाली. मी कुणाला सांगितलं नाही."

समोरून कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेली. मी पाय आत घेतले. ती भिंतीकडं तोंड करून झोपायची ते आठवलं. वाढताना गप्प असायची, जेवण होईपर्यंत एक शब्द बोलायची नाही, आणि मग मोरीकडं जाऊन दीर्घ श्वास घ्यायची, तेही आठवलं. मी त्या गप्प बसण्याचा काय अर्थ लावला होता! मी त्यांच्या हातावर हात ठेवला तेवढा.

दुपारी त्रिशलेला खोलीत आणलं. चेहरा सुजलेला, नाकात कापसाच्या वाती कोंबलेल्या. तोंडानं श्वास घेत होती. ओठ सुकले होते. मामी पाणी विचारायला बाहेर गेल्या. मी पलंगाजवळ स्टुलावर बसलो, तशी तिनं डोळे उघडले. मला ओळखलं आणि लगेच हात उचलून तोंडावर धरला.

"लांब बसा," ती हाताआडून पुटपुटली. "रक्ताचा वास येत असेल."

मी तिचा हात तोंडावरून काढून माझ्या हातात घेतला.

"येतोय," मी म्हणालो, आणि स्टूल आणखी पुढं ओढलं.